वसंताच्या टाकीतलं हिरवं

वसंताच्या घरी मासे कमी आणि किस्से जास्त निपजले. आजही शिवाजी पेठेत आम्ही जुने दोस्त भेटलो आणि कुणी नुसतं "शेवाळ" म्हटलं, की दुसरा कपाळाला हात लावतो. मग चहा गार होतो!

वसंताचं सायकलचं दुकान. चौऱ्याऐंशी सालाच्या आसपास तो विजयदुर्गला गेलता, तिथलं खडकांतलं पाणी बघून खुळावला. घरात काचेची टाकी, टाकीत समुद्राचं पाणी, तिकडचेच दगड आणि मुंबईहून आणलेली नारिंगी माशांची जोडी. मासे झकास रमले. पण महिन्याभरात सगळं हिरवंगार! खरवडलं की परत हजर.

*

कुणीतरी म्हणालं, पाणी बदला. झालं! मी आणि वसंता विजयदुर्गहून कॅन भरून एसटीत बसलो. गगनबावड्याला कंडक्टरला संशय आला.

"ह्यात काय हाय?"

"समुद्राचं पाणी."

"मला खुळा समजतोस व्हय?"

त्यानं टोपणात ओतून घोट घेतला, खिडकीबाहेर थुंकला आणि भडकून म्हणाला, "हातभट्टी असती तर सोडलं असतं!"

*

टाकी बनवली होती सलीमभाईंनी, पेठेतलेच काचवाले. एकदा ते स्वतःच ब्लेड घेऊन शेवाळ काढायला बसले. इतक्या जोरात, की शेवाळाबरोबर काचांच्या सांध्यात भरलेली लांबीही निघाली.

"भाई, टाकी गळाय लागली की!"

"गळत न्हाय. घाम आलाय तिला."

मासे वसंताच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, धुण्याच्या बादलीत गेले. सांधा वाळेपर्यंत तिथंच. शेवटी वहिनी उखडल्या, "मासं ऱ्हाऊ देत बादलीत. टाकीत तुम्ही दोघं बसा!"

*

एका प्राध्यापकांनी सांगितलं, खाणं जास्त पडतंय, कमी करा. वसंतानं कमी केलं. शेवाळ आणखी वाढलं! मग कळलं, त्याची आई रोज दुपारी गुपचूप भाताची शितं सोडते.

"आई, एखादा उपास घडू दे की त्यास्नी!"

"एकादशी मी धरतीया न्हवं? घरात एकानं धरली की बास!"

*

वहिनींचे काका मुरगूडचे शेतकरी. आले, टाकीसमोर उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले.

"पावणं, पीक लई जोरात आलंय. पण मधी मासं कशाला सोडलंयसा?"

वसंता त्या दिवशी जेवला नाही.

*

शेवटचा उपाय अंधाराचा. टाकीची ट्यूब बंद केली, वरून जाड काळं घोंगडं टाकलं. वसंता मला म्हणाला, "रविवारी काढतो. तरी हिरवं दिसलं तर मासं देऊन टाकणार. दमलो रं आता." त्याचे डोळे भरले होते.

रविवारी संध्याकाळी मी आणि सलीमभाई गेलो, तर बाहेर चपलांचा ढीग! सोप्यात आळीतल्या बायका-पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली. कोपऱ्यात झाकलेली मोठी काचेची पेटी, आतून हवेच्या पंपाची बारीक घरघर. आळीभर बोभाटा झाला होता, वसंतानं टीव्ही घेतला!

सांगायचं कुणी? वहिनी आत निघून गेल्या. वसंतानं देवाचं नाव घेतलं, ट्यूब लावली आणि घोंगडं ओढलं.

काच स्वच्छ. दगड लख्ख. मधोमध नारिंगी जोडी डोलत होती.

मग पुढं बसलेल्या शेजारच्या आजींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"बया! रंगीत घेतलास की रं!"