द्रौपदाबाईंचा सुदाम

सुदाम कार्यक्रमाला आला की आधी माणसांना खोकायला लावायचा. स्टेजच्या पुढ्यात मांडी घालून टेपरेकॉर्डर मांडायचा, मागे वळून हात जोडायचा आणि म्हणायचा, "ज्यांना खोकायचंय त्यांनी आत्ताच खोकून घ्या. नंतर बाई आहेत." लोक हसायचे. काही आगाऊ मुद्दाम खोकायचे. सगळे गप्प होईपर्यंत हा थांबायचा, मग बटण दाबून स्वतःच्या आवाजात नोंद करायचा, "कोपरी. विहाराचं पटांगण. बाईंना आज सर्दी आहे, ऐकणाऱ्याने समजून घ्यावं."

बाई म्हणजे द्रौपदाबाई. सकाळी ठाण्यात रस्ते झाडायच्या आणि संध्याकाळी जयंतीला, लग्नाला, जिथे बोलावतील तिथे भीमगीतं म्हणायच्या. त्यांची कॅसेट कुठल्या कंपनीने काढली नाही, रेडिओवाल्यांनी त्यांना विचारलं नाही. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे अशा गाणाऱ्या पुष्कळ होत्या. त्या गेल्या की त्यांचं गाणंही जायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. सुदामला वाटायचं. आंबिवलीच्या गिरणीत पाळ्या करणारा हा माणूस रजा टाकून बाईंच्या मागे कल्याण, डोंबिवली, कळवा असा हिंडायचा. चौदा-पंधरा वर्षं हिंडला.

मी त्याचा शाळासोबती आणि चाळीतला शेजारी. शिक्षक झालो तेव्हापासून तो मला मास्तर म्हणायला लागला, पण अरे-तुरे सुटलं नाही. "मास्तर, तुझ्या पोरांना पाढे येतात, पण बाईंचं एक गाणं येत नाही. मग तू शिकवतोस काय?" असं चारचौघांत विचारायचा. कॅसेट मात्र मलाही घरी नेऊ द्यायचा नाही. "इथे ये, चहा पी, ऐक. न्यायचं नाव काढायचं नाही." प्रत्येक कॅसेटच्या मागच्या दोन खिट्ट्या तो तोडून टाकायचा, म्हणजे तिच्यावर पुन्हा टेप होत नाही. शांतावहिनी वैतागायच्या. "माझी भांडी पोत्यात आणि त्या बाईला अख्खं कपाट." त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "भांडी उद्याही मिळतील गं."

बाईंचा शेवटचा कार्यक्रम आंबिवलीला झाला. त्या दिवशी त्यांनी खडी फोडणाऱ्या आपल्या आईवर स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं आणि पुन्हा म्हणायची वेळ आली नाही, महिन्याभरात बाई गेल्या. कागदावर लिहिलेलं काही नव्हतं, बाईंना लिहिता येत नव्हतं. ते गाणं जगात एकाच जागी होतं, सुदामच्या कॅसेटवर.

आणि मी शहाणा, मंडळाचा सेक्रेटरी. विहाराशेजारी आम्ही नवं वाचनालय काढलेलं. मी सुदामच्या मागे लागलो. "अरे, ही समाजाची ठेव आहे. एकट्याच्या घरात ठेवायची नसते. उद्या चाळीला आग लागली तर?" तो दोन महिने नाही म्हणत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, मंडळाला देत नाही. तुला देतोय." कॅसेटी वाचनालयाच्या कपाटात गेल्या आणि किल्ली माझ्या खिशात आली.

बाईंच्या पहिल्या पुण्यतिथीला मोठी सभा ठेवली. भाषणं टेप करायची होती. पाहुण्यांची गाडी दारात आली आणि नेमका तेव्हाच माईकवाला धावत आला, "सर, कॅसेट संपल्या." मी किल्ली काढून दिली. म्हटलं, कपाटात खालच्या खणात बघ. कोऱ्या कॅसेटी त्याच खणात असायच्या, असं मी आजवर लोकांना सांगत आलोय. ते खरं आहे. पण माईकवाला परत आला आणि म्हणाला, "सर, यांच्यावर टेप होत नाही, खिट्ट्या तोडल्यात." त्या क्षणी मला कळायला हवं होतं. माझ्या हातात पाहुण्यांचा हार होता. मी म्हटलं, "भोकात कागदाचा बोळा कोंब, होईल." ही युक्ती मला ठाऊक होती, मास्तर ना मी.

सुदामची त्या दिवशी दुसरी पाळी होती. चार दिवसांनी त्याने मला घरी बोलावलं. वहिनींनी चहा दिला. माईकवाल्याकडून आणलेली कॅसेट लावून त्याने बटण दाबलं. आधी त्याचाच आवाज आला, "आंबिवली. बाई दमल्यात, पण गाणार आहेत." मग खरखर झाली आणि मी बोलायला लागलो. बाईंचा आवाज या मातीत अमर आहे, असं मी म्हणत होतो. मागून टाळ्या पडत होत्या. सुदामने माझं भाषण शेवटपर्यंत ऐकवलं. मग म्हणाला, "सर, चहा घ्या. निवतोय."

तेव्हापासून मी त्याचा सर झालो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रस्त्यात भेटला की "जय भीम सर, बरे आहात ना?" एवढंच विचारून पुढे जायचा. ते गाणं पुन्हा जुळवायला तो पेटीवाल्याकडे गेला, ढोलकीवाल्याकडे गेला, आंबिवलीत घरोघरी फिरला. पहिलं कडवं बरंचसं जमलं. पुढचं कुणालाच आठवेना. जो तो स्वतःचे शब्द घालायचा आणि हा मान हलवायचा, "नाही, बाई असं म्हणाल्या नव्हत्या." मग गिरणीचं दुखणं आणि त्याचं छातीचं, दोन्ही वाढत गेली. गिरणी रखडत राहिली, तो गेला.

शोकसभेच्या आधी मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्यांना बोलू दे. तुम्ही तेवढं बोलू नका. ते सांगून गेलेत."

सभेत अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. सुदामचे परममित्र, असं म्हणाले. मी जागेवरूनच हात हलवून नाही म्हटलं. शेजारच्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मागच्यांना सांगितलं, "सरांना दुःख आवरत नाहीये." सगळ्यांना तसंच वाटलं. मी वाटू दिलं.