दुसरी नळी

माझ्या चंद्रपूरच्या दुकानाच्या वर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाई घाई म्हणून करत नाहीत. रांगेतले लोक चिडतात. पाळी चुकलेली माझी बायको पोट धरून बसली, तेव्हा मी दोन दिवस ‘गॅस असेल’ म्हणत राहिलो. मग वर नेलं. गर्भ पिशवीत नव्हता, डाव्या गर्भनळीत दिसला; नळी फुटली तर जिवावर बेततं.

‘सापडला ना बाई, नेऊ द्या ऑपरेशनले!’ मी म्हणालो.

‘थांबा ना भाऊ. एक सापडला म्हणून दुसरी नळी पाह्यचीच नाई काऊन?’

उजव्या नळीतही गर्भ होता. त्यांनी स्वतः सर्जनला फोन लावला, ‘दोन्ही’ असं दोनदा म्हणाल्या. बायको वाचली.

परवा जिन्यात त्यांना सांगितलं, ‘बाई, उशीर मीच केला होता.’

‘मले काऊन सांगता? तिले सांगा.’

घरी जाऊन सांगितलं. ‘मले ठाऊक आहे,’ बायको म्हणाली, ‘तुम्ही कधी सांगता, तेच पाहून राह्यली होती.’