गाठोडं उचलायची रीत

नेरच्या विशेष शाळेत साधना मेश्रामबाई अकरा वर्षं मुलं उचलत होत्या, खुर्चीतून सतरंजीवर आणि सतरंजीवरून संडासात. निकिता आता बारा वर्षांची झाली होती आणि बाईंची धरलेली कंबर सुटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, उचलणं बंद. शाळेत दुसरं उचलणारं कुणी नव्हतं. मुलीला घरीच ठेवा, हे सांगायला मुख्याध्यापकांनी निकिताच्या आईला, नलूला बोलावलं.

कापसाचा भाव पडलेल्या त्या वर्षी एका दिवसाची वेचणीही बुडवणं जड होतं, तरी नलू शेतातून तशीच आली. कापूस भरायची ओटी अजून कमरेलाच होती. तिच्यासमोरच बाई निकिताला उचलायला वाकल्या आणि कळवळल्या.

"अशा कायले वाकता, बाई? विहिरीत डोकावल्यावानी!" नलू म्हणाली. "आमी कापसाचं गाठोडं कसं उचलतो, पाहा."

ती निकिताला भिडून उकिडवी बसली, तिला छातीशी घट्ट धरलं आणि मांड्यांच्या जोरावर सरळ उठली. मग ओटी सोडून तिने ती बाईंच्या कमरेला कसून बांधली.

बाईंनी तसंच उचललं. कंबर कुरकुरली, पण ओरडली नाही.

"मी गाठोडं हाओ का?" निकिताने विचारलं.

"हो, बोलणारं," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक दारातच उभे होते.

"सर, निकिता रोज येईल," बाई म्हणाल्या. "फक्त उचलायला दोघं लागतील. दुसरे तुम्ही. बसा उकिडवे."

पोट सावरत सर बसले.