दिनेशच्या लॉगिनवरून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण मान खाली घालून बोलेन, अशी अपेक्षा ठेवू नका.

मी सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरात बसून दूरदूरचे सर्व्हर सांभाळते. ती मशिनं मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. हाताने करायची एकेक कामं मी स्क्रिप्टवर टाकत गेले — सर्व्हर आपोआप चालू, आपोआप बंद, आपोआप साफ. हिचं काम म्हणजे बघायला नको, असं ऑफिसात म्हणायचे. आवडायचं मला. का नाही आवडणार?

दिनेश माझ्याच टीममधला. राई गावचा, घरची होडी, कॉम्प्युटरवर बसणारा घरातला पहिलाच. मला ताई म्हणायचा. एका पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर त्याच्याकडे होते. तिथले विनाकारण चालू असलेले सर्व्हर काढून टाकणारी स्क्रिप्ट मी लिहिली. पण माझ्या लॉगिनला तिथे परवानगी नव्हती, आणि ती येईपर्यंत थांबायचा मला कंटाळा.

"माझ्या लॉगिनवरून चालव ना ताई," तो म्हणाला. "तुझ्यावर इश्वास न्हाय तर कोनावर?"

काय काय उडेल ते आधी नुसतं तपासून बघायचं असतं. मी बघितलं नाही. जेवायला उठायच्या आधी चालवून टाकली. जुने रिपोर्ट ठेवलेला सर्व्हर कुणी फारसा उघडत नसे — स्क्रिप्टने तो बिनकामाचा धरला आणि बॅकअपसकट उडवला. आजारी माणसांचे रिपोर्ट ते. थोडे परत मिळाले. बाकीचे कायमचे गेले.

आणि नोंदीत नाव दिनेशचं.

ही झाली चूक. ती कुणाच्याही हातून होते, तिच्यासाठी मी हे लिहीत नाहीये. पुढचं ऐका.

त्याचा फोन आला. आवाज पार बसलेला. "ताई, मी काय चालवलंच न्हाय गो. तू चालवलीस काय?"

"नाही रे," मी म्हणाले. "तुझ्याच हातून काहीतरी झालं असेल. नीट आठवून बघ."

आठवून बघ! — आणि तो बिचारा खरंच आठवत बसला. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाला, झालं असेल माझ्याच हातून. लॉगिन कुठल्या घरातून झालं होतं, हे शोधता आलं असतं. शोधायचं काम साहेबांनी विश्वासाने माझ्यावरच सोपवलं. मी शोधलं — आणि दिनेशचंच नाव सांगितलं. त्याची नोकरी गेली.

घाबरले होते म्हणून? छे. मला चार शब्द ऐकवून सोडून दिलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला फक्त चुकलेली बाई व्हायचं नव्हतं. बस, एवढंच.

आता तो पेणकरपाड्यात सीसीटीव्ही बसवून देतो. त्याच्या हळदीला मला आग्रहाने बोलावलं. मी गेले. जेवले — कोळंबी दुसऱ्यांदा मागून घेतली. आईला म्हणाला, "ही ताई. माझी नोकरी वाचवायला लय झटली." मी हसले. नाही म्हटलं नाही.

त्याची माफी मी मागणार नाही. मागितली तर तो लगेच देईल — ओळखते मी त्याला.