मामांनी नापसंत केलेली शाळा

वर्गात पाऊल न टाकता शाळेची कुंडली सांगणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच आहे, आणि तो स्वतः जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला आहे. ते म्हणजे आमचे मामा. माझे सख्खे, चुलत, मावस असे कुठलेच मामा नव्हेत. आमच्या कंपनीला लावलेल्या पांढऱ्या गाडीचे ते मालकही आणि ड्रायव्हरही. पण शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. एका जर्मन इंजिनिअरला तर ते त्यांचं आडनाव वाटलं होतं, आणि मायदेशी परतल्यावरही तो दर नाताळाला 'मिस्टर मामा' या नावानं शुभेच्छापत्र पाठवत राहिला. मामांचं घर पडेगावला. घराणं मेंढपाळांचं. थोरला भाऊ अजून कळप घेऊन हिंडतो, धाकटा थोडीबहुत शेती बघतो, आणि मामा म्हणतात, "म्या तेवढा बिघडलो ताई, चाकावर बसलो."

माझी नोकरी बिडकीनकडच्या एका कारखान्यात. बाहेरच्या देशांतून इंजिनिअर येतात, त्यांच्या बायकामुलांची इथं घडी बसवून देणं हे माझं काम. घर, गॅस, पोलिसांकडची नोंदणी, डॉक्टर हे सगळं होऊन जातं. अडतं ते मुलांच्या शाळेपाशी. आईबापांना हवी असते बऱ्याच भाषा शिकवणारी आंतरराष्ट्रीय शाळा, जिथून उद्या तिसऱ्या देशात बदली झाली तरी पोराचं वर्ष बुडणार नाही. मी अशा शाळांचा एक सुबक तक्ता केला होता: बोर्ड कोणतं, भाषा किती, एका वर्गात मुलं किती, बस कुठपर्यंत येते. मामांनी तो एकदा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "ह्यात लेकरं भांडत्यात कोणत्या भाषेत ते कुठं लिवलंय?"

त्यांची पद्धत वेगळी होती. शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर गाडी लावायची, काच खाली करायची आणि बडीशेप चघळत नुसतं ऐकत बसायचं. त्यांच्या मते पाटीवर लिहिलेली भाषा ही पाहुण्यांसाठी असते. भांडणात निघते ती शाळेची खरी भाषा. एका नामांकित शाळेबाहेर अर्धा तास बसून ते म्हणाले, "ह्या साळंत लेकरं भांडतच नायती ताई. आत काय तरी लई वंगाळ चालू हाय." दुसरी परीक्षा संडासाची. "जरा जाऊन येऊ का," असं नम्रपणे विचारून ते आत जात आणि बाहेर येऊन एका शब्दात निकाल देत. आणि तिसरी म्हणजे गेटवरच्या माणसाशी गप्पा. शाळा कशी आहे हे मुख्याध्यापकांपेक्षा चौकीदाराला जास्त कळतं, अशी त्यांची ठाम समजूत.

मामांना स्वतःला भाषा किती येतात हे कुणालाच नक्की माहीत नाही. मराठी आहेच, शहरातली दखनी उर्दू आहे, शिवाय कळपामागं हिंडता हिंडता तेलुगू आणि कानडी झाली. इंग्रजी येत नाही, पण त्यानं त्यांचं काही अडत नाही. परदेशी पाहुण्यांशी ते सरळ मराठीत बोलतात, तेही सावकाश आणि इतक्या आपुलकीनं, की समोरचा मान डोलावतो आणि आपल्या भाषेत उत्तर देतो. मला मध्ये दुभाषी म्हणून तोंड घालायला जागाच राहत नाही. फक्त रस्त्यात मेंढरं दिसली की मामा कुणाचेच नसतात. एकदा पैठण रस्त्यावर चितेगावच्या अलीकडे कळप आडवा आला. मागच्या सीटवर मीटिंगला निघालेले दोन मोठे साहेब. मामा खाली उतरून मेंढपाळाशी मेंढरांच्या खुरांच्या रोगावर बोलत उभे राहिले. मी घड्याळ दाखवलं तर म्हणाले, "साहेब शिकलेले हायत, थांबतील. मेंढराला कोण समजावणार?"

अशा या मामांच्या गाडीत तीन वर्षांपूर्वी किमसाहेबांचं कुटुंब येऊन बसलं. किमसाहेब कोरियाचे, त्यांची बायको व्हिएतनामची. त्यांचं आधीचं सगळं बिऱ्हाड व्हिएतनामलाच होतं. मुलगी लिन आठ वर्षांची, मुलगा जून पाच वर्षांचा. विमानतळावर सामान भरताना जूननं बापाला हाक मारली, "आप्पा!" मामांच्या हातातली बॅग तिथंच राहिली. "ताई, हे तर आपलेच लोक निघाले की हो!" कोरियन भाषेत वडिलांना आप्पा म्हणतात हे मी सांगितलं, तरी त्यांचं समाधान काही उतरलं नाही. मग पोरं आईला 'मे' म्हणतात हेही त्यांना कळलं. "आईला म्हणत्यात मे, पोराचं नाव जून," मामा गंभीरपणे म्हणाले, "पाऊस लांब नाय."

पण घरात मळभच होतं. जून बापाशी कोरियन, आईशी व्हिएतनामी आणि सगळ्या जगाशी मोडकं इंग्रजी बोलायचा. लिन बोलतच नव्हती. घरात आईच्या कानाशी कुजबुजायची तेवढंच. घराचा उंबरा ओलांडला की ओठ घट्ट मिटलेले. इथं येऊन दोन महिने झाले, डॉक्टरांनी कान-घसा सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तरी तिचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. शेवटी एक दिवस किमवहिनींनी मला शांतपणे सांगितलं, "दिवाळीपर्यंत हिला सोसेल अशी शाळा मिळाली नाही, तर मी मुलांना घेऊन परत जाईन. हे इथं एकटे राहतील." किमसाहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं काम तीन वर्षांचं होतं.

किमसाहेबांच्या मनात माझ्या तक्त्यातली पहिल्या क्रमांकावरची शाळा होती. थंडगार बस, पोहण्याचा तलाव, दर्शनी भिंतीवर बारा देशांचे झेंडे. आम्ही बघायला गेलो त्या दिवशी रांगेतून जाणारं एक लहान पोर पायरीवर अडखळून पडलं आणि "आई गं!" म्हणून कळवळलं. बरोबरच्या बाईंनी त्याला प्रेमानंच उठवलं, पण उठवता उठवता म्हणाल्या, "इंग्लिश, प्लीज." मामा आमच्या मागंच उभे होते. ते सरळ जाऊन गाडीत बसले आणि गाडी वळवून ठेवली. मी पोहोचल्यावर म्हणाले, "ताई, पडल्यावर आई म्हणायला जिथं परवानगी लागती, तिथं लेकरू पडतं तेवढं, उठत नाय."

दुसऱ्या शाळेत प्रवेशाच्या कागदावर मातृभाषेसाठी एकच चौकोन होता. किमवहिनी पेन धरून बराच वेळ बसून राहिल्या आणि शेवटी तो कोराच ठेवून उठल्या. परतीच्या वाटेवर त्यांना रडू आवरेना. मामांनी रस्त्याकडेच्या एका कडुलिंबाखाली गाडी घेतली, मागं वळले आणि मला म्हणाले, "ताई, मी बोलतो ते वहिनींना नीट सांगा, मधलं काय गाळू नका."

मग ते बोलले, आणि मी भाषांतर करत गेले. चौथीनंतर बापानं त्यांना शाळेतून काढलं आणि कळपाबरोबर तेलंगणात नेलं. तिथल्या पोरांना त्यांचं बोलणं समजेना, त्यांना पोरांचं. बोललं की हसायची, म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं. "लई दिवस मी फकस्त मेंढरांशी बोललो. आई म्हणायची, पोरगं मुकं झालं. मुकं नव्हतो वहिनी. आत सगळं चालू असायचं. भ्या वाटायचं, की तोंड उघडलं आणि चुकीची भाषा भाईर पडली तर?" ज्या शेतात कळप बसला होता तिथली एक म्हातारी रोज भाकर आणून द्यायची. ती त्यांना काही शिकवत बसली नाही. भाकर पुढं करायची, खुणेनं विचारायची, तुमच्यात ह्याला काय म्हणतात? मग तांब्या, मग कुत्रं, मग चांदणी. "तिनं माझे शब्द घेतले, मग मलाबी तिचे घ्यावे वाटले. असं विचारणारं माणूस ज्या साळंत असंल, ती साळा घ्या. मंग तलाव नसला तरी चालंल."

किमवहिनींनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "यादीत अजून एक शाळा होती ना?"

होती; दौलताबाद रस्त्याला, पडेगावच्याही पुढं, लहानशी. पण ती मामांनी आधीच बाद केली होती. कारण शिक्षणाशी अजिबात संबंध नसलेलं. तिथल्या चौकीदार चाचांनी त्यांना गेटसमोर गाडी लावू दिली नव्हती आणि दोघांची दखनीत कडाक्याची जुंपली होती. "ज्या साळंचा चौकीदार असा, ती साळा कशी असंल?" हा मामांचा निकाल. तरी वहिनींच्या शब्दाखातर ते आम्हाला आणि लिनला घेऊन गेले. गेले ते गाडी मुद्दाम लांब, बाभळीखाली लावून, चाचांकडे पाठ करून, पण काच खाली ठेवून, तिच्यातच बसून राहिले.

मुख्याध्यापिका वर्गावर होत्या म्हणून आम्ही गेटपाशीच थांबलो. चाचा खुर्चीवर बसून सीताफळं खात होते. त्यांनी एक चांगलं टपोरं फळ निवडलं, लिनपुढं धरलं आणि म्हणाले, "इसकू तुम्हारे में क्या बोलते, बेटा?"

लिननं फळाकडे पाहिलं. मग अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, "ना."

"नक्को?" चाचा हिरमुसले. "अगे मीठा है. खाके तो देख."

"ना," लिन पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्यानं.

"नक्को तो नक्को," म्हणत चाचा फळ टोपलीत परत ठेवायला लागले, तेवढ्यात किमवहिनींनी माझं मनगट इतक्या जोरात पकडलं की बांगडी रुतली. "ती नाही म्हणत नाहीये," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सीताफळाला 'ना' म्हणतात."

मी ते चाचांना सांगितलं. चाचांनी आधी फळाकडे, मग लिनकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी ते तिला देत म्हणाले, "ना! वा रे वा! ये लो बेटा, तुम्हारा ना." लिन हसली. मागं गाडीचं दार धाडकन वाजलं. मामा धावतच आले, चाचांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चाचा, गाडी किधर लगाऊं?"

आत गेल्यावर जे पाहिलं तेही चांगलं होतं. वर्गाच्या दारावर प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेत स्वागताचा शब्द लिहिला होता. आठवड्यातून एकदा कुणाचे तरी आईवडील येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगायचे. मुख्याध्यापिकांनी लिनला एकही प्रश्न विचारला नाही, वहिनींना एवढंच म्हणाल्या, "बोलेल तेव्हा बोलेल. काही मुलं आधी खूप ऐकून घेतात." शाळेला तलाव नव्हता, बस जुनी होती आणि कोरियन शिकवणारं कुणी नव्हतं. किमसाहेब एक दिवस धुसफुसले, पण घर मोडत नाही म्हटल्यावर तेही तयार झाले. कोरियन ते स्वतः रविवारी शिकवू लागले.

लिन वर्गात बोलायला लागेपर्यंत दिवाळीही उलटली आणि संक्रांतही उलटून गेली. पण एकदा सुरू झाली ती अशी, की वहिनींनी घाबरून मला फोन केला: मुलगी जेवताना 'लई भारी' म्हणते, हा शब्द सभ्य आहे ना? दुसऱ्या वर्षी गोष्टीच्या तासाला शाळेनं मामांनाच बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून ते उभे राहिले, तेलुगू, कानडी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मेंढरांना हाका कशा मारतात ते त्यांनी करून दाखवलं, आणि त्यानंतर आठवडाभर शाळेत दुसरा आवाज ऐकू आला नाही.

परवा किमसाहेबांची बदली झाली. त्यांना सोडायला सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावर मामा आणि मी दोघंही गेलो. लिन आता अकरा वर्षांची, मामांच्या खांद्याला लागलेली. ती त्यांच्याशी मराठीत बोलली, पायाही पडली. मामा "बरं, बरं, नीट जा," एवढंच म्हणत राहिले. परतताना त्यांनी रेडिओ लावला नाही. मग त्यांनी विचारलं, "ताई, ते चाललेत तिथं कोणती भाषा बोलत्यात?"

"हंगेरियन."

"हंगेरियन," त्यांनी तो शब्द सावकाश दोनदा म्हणून पाहिला. "अवघड असती?"

"फार अवघड असते म्हणतात."

पुढं एक ट्रक होता. एरवी मामांनी तो कधीच मागं टाकला असता. आज ते त्याच्या मागूनच चालले होते. "मंग पोरीला एखादं वर्ष तरी लागंल," ते म्हणाले. आमच्या कारखान्याचं वळण आलं आणि मागं पडलं. मामांच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही त्यांना सांगितलं नाही.