डावीकडची जागा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसत आलो आहे. आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ होतात. आत्मा, भूतबाधा, संकेत, साक्षात्कार यांना आमच्याकडे थारा नव्हता, आणि तो आजही नाही. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो आहे. माझ्या लिहिण्यावरून कोणी काही सिद्ध झाले असे समजू नये... मलाच ते करता आलेले नाही.

मी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. भांडुपच्या एका लहानशा कारखान्यात ड्रॉइंग विभागात काम करतो. मोजमापाची सवय तिथलीच. कदाचित त्यामुळेच असेल, पण फोटो लहान करण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. आजकाल कोणताही अर्ज भरायचा झाला की फोटो अमुक केबीच्या आत असावा लागतो. इमारतीतली मंडळी जिन्यातच गाठून म्हणत, "दादा, जरा हा बसवून द्या ना." मी बसवून देत असे. गावाकडच्या नातेवाइकांसाठीही मी तेच करी. माझी मेहुणी शोभा मेहकरजवळच्या एका खेड्यात राहते. तिचा फोन साधा, त्यात जागा थोडी, आणि गावात नेटवर्क लहरी. मोठा फोटो पाठवला की तिच्याकडे नुसते चक्र फिरत राही. म्हणून मी प्रत्येक फोटो आधी कापून चौकोनी करी, मग दाबून हलका करी, खाली पिवळ्या अक्षरांत प्रसंग लिही, आणि मगच ग्रुपवर टाकी. फोटो लहान करण्याच्या ॲपमध्ये 'मूळ फोटोच्या जागी ठेवा' असा एक पर्याय आहे. तो मी पहिल्याच दिवशी निवडला होता. एकाच फोटोच्या दोन प्रती कशाला, असा माझा विचार.

माझी पत्नी सुनंदा याला हसत असे. "माझं वजन काही उतरवता येत नाही तुम्हाला, फोटोचं बरं उतरवता!" हे तिचे ठरलेले वाक्य होते.

मागच्या वर्षी सुनंदा गेली. आजार थोड्या दिवसांचा होता, आणि तो आजार आहे हे कळण्यातच त्यातले निम्मे दिवस गेले.

जलदान विधीसाठी फोटो हवा होता. मी फोन उघडला आणि तेव्हा प्रथम माझ्या लक्षात आले की मी काय करून ठेवले आहे. सुनंदाची सवय अशी, की फोटोच्या वेळी ती सगळ्यांना हाताला धरून उभे करी, कोणाचा पदर सारखा करी, कोणाला पुढे ढकली, आणि शेवटी स्वतः धावत येऊन कडेला उभी राही. नेहमी डाव्या कडेला, कारण स्वयंपाकघराचे दार त्या बाजूला. आणि चौकोनी करताना मी काय कापत असे? कडा. कित्येक फोटोंत तिचा खांदा होता, कोपर होते, पदराचा काठ होता. ज्या थोड्या फोटोंत ती पूर्ण होती ते मी इतके दाबले होते, की मोठे केल्यावर चेहऱ्याच्या जागी नुसते रंगीत चौकोन राहत. विधीच्या वेळी अशाच एका चौकोनी चेहऱ्यासमोर आम्ही मेणबत्त्या लावल्या. माझी मुलगी प्रज्ञा त्या फोटोकडे पाठ करून बसली होती.

आपण म्हणाल, दुसरे फोटो नव्हते का? लग्नाचा अल्बम होता, पण त्यात ती बावीस वर्षांची नवरी. प्रज्ञा तेव्हा नोकरीनिमित्त बंगळूरला होती, सुनंदा गेल्यावर ती घरी परतली. तिचा जुना फोन बिघडला, त्याबरोबर त्यातले सगळे गेले. एक-दोन सेल्फी उरले होते, पण त्यांवर चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर होता. हनुवटीवरचा तीळसुद्धा पुसला गेलेला. प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, ही मम्मी नाहीये यार. ही कुणीतरी जाहिरातीतली बाई आहे." सुनंदाचा स्वतःचा फोन बटणांचा होता.

यंदा वर्ष भरत आले. विहारातल्या मंडळींनी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे वर्षाच्या स्मरणविधीचा, दिवस ठरवला. भिंतीवर लावण्याजोगा एक तरी फोटो हवा, एवढीच माझी इच्छा होती. तिच्याकडे डोळे भरून पाहता यावे आणि जवळ गेल्यावर तिने विस्कटून जाऊ नये.

त्या रविवारी दुपारी प्रज्ञाने मावशीला फोन लावला. "मावशी, तुझ्याकडे मम्मीचे जे काही असतील ते सगळे पाठव. कसलेही असू देत."

"अवो बाई, माह्याकडं कुठचे येतील? तुह्या बापानं धाडले तेच," शोभा म्हणाली. तरी तिने सहा-सात फोटो माझ्या फोनवर पाठवले. सगळे माझेच, माझ्याच पिवळ्या अक्षरांचे. मी चष्मा लावून एकेक उघडत होतो. शेवटचा होता 'बुद्ध पौर्णिमा, मुलुंड'.

हा फोटो कसा काढला होता ते सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रज्ञा सुट्टीवर आली होती, शोभा आणि तिचे यजमान गावाहून आले होते. मी फोन टीव्हीजवळ टेकवून टायमर लावला आणि धावत जाऊन उभा राहिलो. आत गॅसवर खिरीचे दूध होते. नेमक्या क्षणी सुनंदाला ते आठवले आणि तिने गर्रकन मान स्वयंपाकघराकडे वळवली. सगळे हसले. फोटोत ती पांढऱ्या साडीतली एक पुसट आकृती झाली होती, तोंड फिरवलेली. मी ती कडा कापली आणि फोटो ग्रुपवर टाकला. तिने प्रज्ञाच्या फोनवर तो पाहिला आणि विचारले, "अहो, मी कुठे आहे यात?"

"तू हललीस ना," मी म्हणालो.

"मग काय, दूध जाऊ देऊ?"

एवढेच म्हणून ती आत गेली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते, असे आता वाटते.

तर तोच फोटो त्या दुपारी मी उघडला. पण तो चौकोनी नव्हता. आडवा, पूर्ण होता. पिवळी अक्षरे होती, परंतु ती मधोमध नव्हती, उजवीकडे सरकल्यासारखी दिसत होती. म्हणजे माझ्या कापलेल्या चौकोनाच्या बरोबर मध्ये होती, आणि त्या चौकोनाच्या डावीकडे एक पट्टी जास्तीची होती. त्या पट्टीत सुनंदा उभी होती. पांढरी साडी, निळा काठ. आणि ती समोर पाहत होती.

मी दोन बोटांनी चेहरा मोठा केला. तो फुटला नाही. आणखी मोठा केला. हनुवटीवरचा तीळ दिसला, कपाळावर घामाने चिकटलेला एक केस दिसला, डोळ्यांखालचा थकवा दिसला. ती हसत नव्हती. फोटो निघण्याची वाट पाहणारा माणूस जसा धीराने उभा असतो, तशी उभी होती. जणू कोणतीच घाई नव्हती.

मी प्रज्ञाला हाक मारली असावी. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागली.

"पप्पा... ही तर तेव्हा किचनकडे बघत होती ना?"

"हो."

"मला पक्कं आठवतंय. आपण केवढे हसलो होतो." मग हळू आवाजात, "इथे तर सरळ आपल्याकडे बघतेय."

तिने लगेच मावशीला व्हिडिओ कॉल केला. शोभाने यजमानांच्या फोनवरून कॉल घेतला, स्वतःच्या फोनवर तो फोटो उघडला आणि आम्हाला दिसेल असा धरला. तिच्याकडे चौकोनी होता. सुनंदा त्यात नव्हती. प्रज्ञाने तो पुन्हा पाठवायला लावला. पुन्हा आला तो चौकोनी, धुरकट, मी पाठवला होता तसाच. मग प्रज्ञाने आमच्याकडे आलेला फोटो तिला दाखवला. फोनच्या पडद्यावर शोभाचा चेहरा अगदी जवळ आला.

"भाऊजी, ताईच्या बांगडीत पाहा. मोठी पिन हाय का नाई?"

मी पाहिले. डाव्या मनगटावर, काचेच्या बांगडीत, एक मोठी पितळी सेफ्टी पिन लटकत होती. तोवर ती माझ्या नजरेतून सुटली होती.

"माही हाय थे," शोभा म्हणाली. "त्या दिशी सकाळी नाडी ओवाले देल्ली होती म्या. वापस मागाचीच राहून गेली..." आणि ती रडू लागली.

प्रज्ञाचे एक सहकारी फोन आणि ॲपच्या क्षेत्रातले जाणकार आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, आजकाल ॲप फोटोची रिकामी कड स्वतःच भरतात, चेहरेसुद्धा रचतात. असेल. मी त्यांचे म्हणणे नाकारत नाही. माझा फोन जुना आहे, त्यात असे काही नाही, हे मी सांगितले. तेव्हा ते म्हणाले, मग मूळ फोटो कुठेतरी राहिला असेल. तेही असेल. पण मूळ फोटोत तिने मान फिरवलेली होती, आणि कोणतेही ॲप झाले तरी त्याला शोभाची पिन कशी ठाऊक असणार? मी विषय फार ताणला नाही.

स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने सांगितले, "काका, व्हॉट्सॲप करा ना, लगेच होऊन जाईल." मी नाही म्हणालो. पाठवला तर वाटेत लहान होईल, ही भीती. फोन हातात घेऊन गेलो आणि केबल जोडून त्याच्या संगणकात फोटो उतरेपर्यंत शेजारी उभा राहिलो. त्याने पडद्यावर सुनंदाभोवती एक चौकट ओढली. "ह्याच ताई ना? बाकीचे कापतो."

"नको," मी म्हणालो. माझा आवाज उगाच मोठा झाला. "कोणालाच कापू नका. आहे तसा करा."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी यावरून घरात थोडी कुजबुज झाली. विहारातले एक ज्येष्ठ गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, जिवंत माणसांच्या फोटोला हार कसा घालायचा? बरं नाही दिसत."

"आपण असलं मानतो का, काका?" प्रज्ञाने विचारले.

"मानत नाही गं... पण तरी..."

तेवढ्यात शोभा पुढे आली. "भाऊजी, माह्या फोटोलेबी फुलं वाहता काय? मी अजून हाय ना जित्ती!" सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. शेवटी हार बाजूला राहिला. प्रत्येकाने एकेक पांढरे फूल फोटोच्या डाव्या कोपऱ्याशी ठेवले. बुद्धवंदना झाली. मी वर पाहिले, तेव्हा तीही माझ्याकडेच पाहत होती. फोटोत मी तिच्यापासून तीन माणसे पलीकडे उभा आहे, कॅमेऱ्याकडे बघून दात काढतो आहे. मला त्या माणसाला सांगावेसे वाटले — जरा त्या कडेला बघ.

या गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही. अनित्यतेवर माझी श्रद्धा आहे. गेलेले परत येत नाही, हे मी विहारात इतरांना समजावूनही सांगतो. तो फोटो अधूनमधून उघडतो. त्यात काही बदलत नाही, ती हलत नाही, आणि दुसरा कोणताही फोटो असा परतून आलेला नाही. मी जुन्या फोटोंपैकी बरेच शोभाकडून पुन्हा मागवून पाहिले, हे मान्य करतो. सगळे चौकोनीच आले.

फोटो लहान करणे मी सोडलेले नाही, लोकांचे अर्ज अडतात. परंतु घरचा फोटो मी आता कापत नाही. परवा प्रज्ञाच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, मी त्यांचा फोटो काढला. प्रज्ञाने तो पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, काय हे! सगळे उजवीकडे कोंबलेत, इकडे अर्धी भिंतच घेतलीये. क्रॉप करा ना."

मग ती थांबली. त्या बाजूला स्वयंपाकघराचे दार होते, उघडे.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तसाच पाठवा."

मी पाठवला. फोटो जड होता, शोभाकडे पोहोचायला बराच वेळ लागला. तिचे उत्तर येईपर्यंत मी फोन हातात धरून बसलो होतो. कशाची वाट पाहत होतो, ते आपल्याला कळले असेल.