निवद चाललाय, वाट सोडा

माणसांना घरी पाठवायची हौस अख्ख्या जगात एकाच बाईला होती, आणि ती आमच्या दवाखान्यातली आया होती. भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. गावाबाहेर, भाटघरच्या वाटेवर, एका दानशूर गृहस्थानं काढलेला लहानसा दवाखाना. डॉक्टरसाहेब, कंपाउंडर, ही आया आणि नर्स म्हणून नव्यानं लागलेली मी. आयेला सगळे मावशी म्हणत, डॉक्टरसाहेबांची आईसुद्धा, आणि ती तर मावशीहून थोरली होती. मावशीला घड्याळ कळत नसे, पण समोरच्या टेकाडावरून मेंढरं उतरायला लागली की केरसुणी कोपऱ्यात उभी करून दिसेल त्याला ती म्हणे, "घरी जावा." भोंगवलीचा एक गडी पाय बरा झाला तरी खाट सोडीना, दवाखान्याची पेज त्याला बायकोच्या हातापेक्षा गोड लागत होती. मावशीनं त्याच्या घोंगडीची घडी केली आणि फाटकाबाहेरच्या दगडावर नेऊन ठेवली. गडी घोंगडीमागं गेला तो गेलाच. पुण्याहून औषधं विकायला आलेल्या एका साहेबालाही तिनं घरी जायला सांगितलं होतं. तो अजून फाटकाच्या आत यायचा होता.

आता माझी गत सांगते. कामाची वेळ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, असं मला सांगितलं होतं; कुठल्या दिवसाच्या दिवेलागणीपर्यंत, ते सांगितलं नव्हतं. निघावं तर फाटकात वेल्ह्याकडून डोंगर उतरून आलेली माणसं बसलेली. "बाई, जाता जाता येवढं बगा की." मग जाता जाता मी गळू फोडायची, जाता जाता कान धुवायची, जाता जाता म्हातारीची सुनेविषयीची तक्रार ऐकायची, आणि जाता जाता उजाडायचं. नाही म्हणायला माझी जीभच उचलत नसे. घरी म्हातारी आई आणि माझी लहानगी मुलगी. नवरा गेल्यावर त्या दोघींसाठीच तर ही नोकरी धरलेली. एका दुपारी आई तिला घेऊन दवाखान्यात आली, तर पोर आजीच्या पदराआड लपली. म्हणाली, "आजी, ही बाई सुई टोचंल."

त्या दिवशी मी नोकरी सोडायचं ठरवलं. खायचं काय, ते ठरवलं नव्हतं. मोरीपाशी उभी राहून रडत होते, तर मावशी म्हणाली, "रडायला बी येळ लागतो, पोरी. तेवढ्यात घरी पोचशील."

मेंढरं उतरली तशी तिनं एक पितळी ताट माझ्या हातात दिलं. त्यात माझीच दुपारची न खाल्लेली भाकरी-भाजी, वर पांढरं फडकं. "निवद हाये. मुक्यानं जायचं. कुनी काय बी बोललं तरी त्वांड उगडायचं न्हाई." आणि पुढं होऊन तिनं आवाज दिला, "वाट सोडा, निवद चाललाय." फाटकातली माणसं बाजूला झाली. नैवेद्य नेणारीला आमच्याकडं कोणी अडवत नाही, शिवत नाही, आणि तिनं बोलायचंही नसतं. म्हणजे नाही म्हणायचासुद्धा त्रास नाही. वळणावरच्या म्हसोबापुढं घास ठेवायचा, ही मात्र सक्त ताकीद. "देवाशी लबाडी न्हाई. त्येचा घास त्येला, बाकीचं लेकीला." अडलेली बाळंतीण आली तर मावशी स्वतः मला बोलवायला यायची. गळू सकाळपर्यंत कुठं पळून जात नाही, असं तिचं मत होतं.

महिन्याभरात साऱ्या वाटेवर झालं की नर्सबाईंचा नवस मोठा कडक आहे. कोणी ताटात नारळ ठेवी, कोणी म्हणे, "आमच्या म्हशीसाठी बी मागा." खुद्द डॉक्टरसाहेब हात जोडून बाजूला होत. शेवटी त्यांनी मावशीला विचारलं, "नवस कसला आहे यांचा?"

"दात उपटताना तुमचा हात हलका व्हावा म्हनून," मावशी म्हणाली.

साहेब बराच वेळ आपला हात पाहत होते.

एवढं सगळ्यांना घरी धाडणारी ही बाई स्वतः मात्र दवाखान्याच्या ओसरीवरच निजे. मी एकदा विचारलं, "मावशी, तुमचं घर कुठं?"

"धरणात," ती म्हणाली. पेठेत म्हणावं, तसं.

भाटघरची भिंत उंच केली तेव्हा पाणी चढलं, गाव पांगलं, तेव्हापासून ती इथं. मी विचारलं त्याच उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. एका मेंढपाळानं येऊन सांगितलं, "मावशे, तुझं गाव उगडं पडलंय." मग मावशी रोज लुगडं झटकून निघायची आणि फाटकातून परत यायची, कारण तिथं कोणीतरी म्हणायचंच, "मावशे, वाईच आमच्या पोराला धर की." पाऊस जवळ आला होता. एकदा पाणी चढलं की पुन्हा दिसेल न दिसेल.

एका दुपारी मी तेच ताट घासलं, भाकरी ठेवली, फडकं झाकलं आणि तिच्या हातात दिलं. ती काही बोलणार होती, पण निवद हातात होता. मी पुढं झाले. "वाट सोडा, निवद चाललाय."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता आणि ताट रिकामं.

"घर आहे का?" मी विचारलं.

"भिंती न्हाईत. चुलीचं दगूड हायेत. त्यांच्याम्होरं निवद ठिवला." तिनं केरसुणी उचलली. "चुलीला म्हनलं, उशीर झाला बाय. लई काम व्हतं."

त्या संध्याकाळी मेंढरं उतरली तरी मावशीनं कोणालाही घरी जा म्हटलं नाही. ती पाण्याच्या बाजूला तोंड करून ओसरीवर बसून राहिली. मी माझं ताट मीच भरलं आणि निघाले. वळणावर म्हसोबापाशी माझी लेक फडक्याखाली काय आहे ते बघायला उभी होती.